खालिद जमील : खेळाडू ते राष्ट्रीय प्रशिक्षक

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खालिद जमील यांची भारताच्या पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती जाहीर केली. या पदासाठी १७० अर्ज आले होते. अखेरच्या तिघांच्या यादीत जमील यांच्यासोबत इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचे श्टेफान तार्कोविच हे दोन परदेशी प्रशिक्षक होते. कॉन्स्टंटाइन यांनी यापूर्वी हे पद सांभाळलेले होते. २०१२ मध्ये गोमंतकीय सावियो मेदेरा पायउतार झाल्यानंतर नेदरलँड्स, इंग्लंड, क्रोएशिया आणि स्पेन अशा चार देशांतील प्रशिक्षकांनी भारताचा संघ हाताळला. तेरा वर्षांनी ही जबाबदारी पुन्हा एका भारतीयाकडे आली.

जमील यांचा जन्म कुवेतचा. खेळाडू म्हणून त्यांची जडणघडण मुंबईत झाली आणि प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव गाजले ते मिझोरममध्ये. निवृत्त खेळाडू प्रशिक्षक कसा होतो, त्यासाठी कोणत्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि भारतात त्या पायऱ्या किती निसरड्या आहेत, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या कारकीर्दीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

कुवेतमधील बालपण

खालिद जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेत सिटी येथे एका भारतीय कुटुंबात झाला. फुटबॉलच्या दृष्टीने तो काळ कुवेतच्या भरभराटीचा होता. कुवेतने १९८० मध्ये आशियाई चषक जिंकला आणि १९८२ मध्ये स्पेनमधील विश्वचषक स्पर्धेत भाग घेतला. आखाती देशांत वाढणाऱ्या बहुतेक भारतीय मुलांच्या हाती क्रिकेटची बॅट असे. परंतु आसपासच्या समाजाचा खेळ मात्र फुटबॉल होता.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि तेथील भारतीयांचे आयुष्य एका रात्रीत बदलले. पुढील काही महिन्यांत सुमारे पावणेदोन लाख भारतीय मायदेशी परतले. त्यांतील बहुसंख्य लोकांना अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी आणण्यात आले. आखातातील मराठी कुटुंबांमध्ये त्या दिवसांच्या आठवणी आजही निघतात. अर्ध्यावर सुटलेल्या शाळा, बँकेत अडकलेले पैसे आणि मागे राहिलेली घरे हा त्या पिढीचा सामायिक अनुभव आहे. जमील यांचे कुटुंबही युद्धामुळे भारतात आले आणि वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुंबई हे खालिद यांचे शहर झाले. ज्या विमान कंपनीने हजारो कुवेतवासी भारतीयांना परत आणले, तिच्याच फुटबॉल संघाकडून ते पुढे खेळले, हा एक योगायोग.

मुंबईचे संस्था-फुटबॉल

मुंबई हे क्रिकेटचे शहर म्हणून ओळखले जात असले, तरी तेथील फुटबॉलची परंपरा जुनी आहे. रोव्हर्स चषक १८९१ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि देशातील सर्वांत जुन्या स्पर्धांत त्याची गणना होई. कूपरेजचे मैदान हे या शहराच्या फुटबॉलचे केंद्र. वीसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील खेळ प्रामुख्याने कारखाने, बँका आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या संघांवर उभा होता. खेळाडू हा त्या संस्थेचा पगारी कर्मचारी असे. सकाळी सराव, दुपारी कार्यालय आणि हंगामात सामने असा त्याचा दिनक्रम असे. खेळ संपल्यावर नोकरी टिके. निवृत्तीनंतरच्या पोटापाण्याची चिंता मिटवणारी ही व्यवस्था होती; मात्र खेळातच राहून दुसरी कारकीर्द घडवण्याची निकडही तिच्यामुळे कमी होत असे.

जमील यांनी याच जगात मध्यरक्षक म्हणून प्रवेश केला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते महिंद्रा युनायटेड आणि त्यानंतर एअर इंडिया या संघांकडून खेळले. भारताच्या राष्ट्रीय संघातही त्यांची निवड झाली. २००२ मध्ये ते पुन्हा महिंद्रा युनायटेडकडे आले. या संघाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळवले, तेव्हा त्याचे प्रशिक्षक होते डेरिक परेरा. परेरा स्वतः गोव्यातील नावाजलेले बचावपटू होते आणि खेळाडूपण संपल्यावर प्रशिक्षणाकडे वळले होते. जमील ज्या वाटेने पुढे गेले, ती त्यांनी अशा रीतीने जवळून पाहिलेली होती.

या सुमारास दुखापतींनी त्यांचा पिच्छा पुरवला. मध्यरक्षकाला संपूर्ण सामनाभर धावावे लागते. गुडघा किंवा स्नायू साथ देईनासा झाला, की त्याची जागा सर्वांत आधी धोक्यात येते. २००७ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या मुंबई एफसी या व्यावसायिक क्लबकडे ते गेले आणि तेथेच २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपली.

दरम्यान मुंबईच्या फुटबॉलचा जुना आधार ढासळत होता. रोव्हर्स चषक बंद पडला होता, संस्थांनी आपापले संघ आवरते घेतले होते आणि २०१० मध्ये महिंद्रा युनायटेडही बरखास्त झाला. ज्या व्यवस्थेत खेळाडूला निवृत्तीनंतर टेबल-खुर्ची मिळत असे, ती व्यवस्थाच मावळत असताना जमील यांना पुढचा निर्णय घ्यावा लागला.

प्रशिक्षक आणि व्यवस्थापक : दोन वेगळ्या भूमिका

येथे संज्ञांचा थोडा उलगडा आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये संघप्रमुखाला परंपरेने ‘मॅनेजर’ म्हणतात. सराव, संघनिवड, डावपेच यांच्या जोडीला खेळाडूंची खरेदी-विक्री, कराराबाबतचा सल्ला आणि क्लबच्या दीर्घकालीन धोरणातील वाटा इतके त्याच्या कामाचे क्षेत्र व्यापक असे. युरोपच्या मुख्य भूमीवर हे काम विभागले गेले. मैदानाची जबाबदारी मुख्य प्रशिक्षकाकडे आणि खेळाडूंच्या भरतीची जबाबदारी क्रीडा संचालकाकडे. आज इंग्लंडमधील अनेक क्लबांनीही हीच पद्धत स्वीकारली आहे.

भारतात ‘टीम मॅनेजर’ या पदाचा अर्थ अगदी निराळा आहे. प्रवास, निवास, खेळाडूंची नोंदणी, गणवेश, सामनाधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार ही कामे तो पाहतो. डावपेचांशी त्याचा संबंध नसतो. मात्र छोट्या अर्थसंकल्पाच्या क्लबांत या सीमारेषा पुसट होतात. तेथे मुख्य प्रशिक्षकालाच खेळाडू हेरावे लागतात, त्यांना क्लबकडे येण्यासाठी राजी करावे लागते आणि सरावासाठी मैदान मिळाले की नाही, हेही पाहावे लागते. जमील यांची उमेदवारी अशाच क्लबांत झाली.

परवान्यांची शिडी

उत्तम खेळाडू आपोआप उत्तम प्रशिक्षक होतो, ही समजूत फुटबॉलने केव्हाच मागे टाकली आहे. आशियाई फुटबॉल महासंघाची परवाना पद्धती युरोपीय महासंघाच्या धर्तीवर आखलेली आहे. भारतात सर्वांत खालची पायरी ‘डी’ परवान्याची. लहान मुलांना खेळाची तोंडओळख करून देण्याइतके शिक्षण त्यात मिळते. त्यानंतर ‘सी’, ‘बी’ आणि ‘ए’ असे चढते टप्पे येतात आणि शिखरावर ‘प्रो’ परवाना असतो. देशाच्या सर्वोच्च साखळीतील मुख्य प्रशिक्षकाकडे हा परवाना अपेक्षित असतो.

या अभ्यासक्रमांत शिकायचे काय असते? खेळाडूला स्वतःचे काम कळलेले असते. प्रशिक्षकाला अकरा जणांची कामे परस्परांशी जोडता यावी लागतात. नव्वद मिनिटांच्या सरावसत्राची आखणी, वयानुसार शारीरिक भार ठरवणे, प्रतिस्पर्ध्याच्या खेळाचे विश्लेषण, दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूची हाताळणी, सहायकांमध्ये कामाची वाटणी आणि माध्यमांशी संवाद हे सारे त्यात येते. एका परवान्याकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्यक्ष संघासोबत काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. त्यामुळे ही शिडी घाईने चढता येत नाही. जमील यांनी संघ चालवत असतानाच हे टप्पे ओलांडले आणि आशियाई महासंघाचा प्रो परवाना मिळवला.

खेळाडूपणातून प्रशिक्षकपदाकडे येणाऱ्याची सर्वांत अवघड परीक्षा मात्र कोणत्याही वर्गात होत नाही. कालपर्यंत ज्यांच्यासोबत एकाच खोलीत बूट बांधले, त्यांच्यापैकी कोणाला आज बाहेर बसवायचे, हे ठरवणे ही ती परीक्षा होय. परदेशात अभियंता किंवा वैद्य म्हणून काम करताना एके दिवशी आपल्याच सहकाऱ्यांचे प्रमुखपद स्वीकारलेल्या वाचकांना हा पेच सहज उमगेल. हातातील कौशल्य आणि माणसे सांभाळण्याचे कौशल्य या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि पहिलीतील प्रावीण्य दुसरीची हमी देत नाही.

मुंबई एफसी : टिकून राहण्याची सात वर्षे

जमील यांनी प्रशिक्षणाची सुरुवात ज्या क्लबमधून निवृत्ती घेतली, तेथेच केली. २००९ मध्ये मुंबई एफसीची सूत्रे त्यांच्याकडे आली. देशाच्या सर्वोच्च साखळीतील संघाचा प्रमुख म्हणून बत्तीस हे वय फारच लहान होते. संघातील काही खेळाडू त्यांचे समवयस्क होते.

मुंबई एफसीकडे मोठे पुरस्कर्ते नव्हते, कोलकात्याच्या क्लबांसारखा लाखोंचा चाहतावर्ग नव्हता आणि बराच काळ हक्काचे मैदानही नव्हते. कूपरेजचे नूतनीकरण सुरू असताना मुंबईच्या या संघाला आपले ‘घरचे’ सामने पुण्यातील बालेवाडीत खेळावे लागले. अशा परिस्थितीत आय-लीगमधून खालच्या श्रेणीत न घसरणे हेच दरवर्षीचे उद्दिष्ट असे. सात हंगाम जमील यांनी ते साध्य केले.

या काळात त्यांच्या खेळाची शैली ठरत गेली. दोन फळ्यांतील अंतर कमी ठेवून बचाव घट्ट करायचा, चेंडू आपल्याकडे किती वेळ राहिला याची फिकीर करायची नाही आणि संधी मिळताच थेट प्रतिहल्ला चढवायचा, ही ती शैली. सौंदर्याच्या भोक्त्यांना ती रूक्ष वाटली. परंतु प्रतिस्पर्ध्याकडे अधिक महाग खेळाडू असताना सामना हातातून निसटू न देण्याचा हा व्यवहार्य मार्ग होता. सुतार हाताशी असेल त्या लाकडाला शोभेल अशी वस्तू घडवतो. जमील यांनी उपलब्ध खेळाडूंना शोभेल असा खेळ घडवला.

टिकून राहण्याला करंडक मिळत नाही. २०१६ मध्ये क्लब आणि जमील यांचे मार्ग वेगळे झाले, तेव्हा त्यांच्या नावावर सात वर्षांच्या कामाखेरीज दाखवण्याजोगे काहीही नव्हते.

ऐझॉल : २०१६-१७

मिझोरमच्या राजधानीतील ऐझॉल एफसी हा क्लब त्या वर्षी आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला होता. मात्र भारतीय फुटबॉलच्या भावी रचनेवरून महासंघाशी मतभेद झाल्याने धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे गोव्याचे तीन क्लब साखळीतून बाहेर पडले आणि ऐझॉलला पुन्हा प्रवेश मिळाला. घसरलेला संघ आणि क्लबबाहेर पडलेला प्रशिक्षक असे हे दोघे एकत्र आले.

जमील यांनी येथे व्यवस्थापकाची दृष्टी दाखवली. मुंबईत आपल्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्यांच्यासोबत ऐझॉलमध्ये आले. गोलरक्षणासाठी गोव्याचे आल्बिनो गोम्स होते. परदेशी खेळाडूंपैकी सीरियाचे महमूद अल अम्ना आणि लायबेरियाचे आल्फ्रेड जारियन यांनी मधल्या फळीला स्थैर्य दिले. उरलेल्या संघाचा कणा स्थानिक मिझो तरुणांचा होता. वेगवान, चपळ आणि कमी गाजावाजा झालेले हे खेळाडू जमील यांच्या प्रतिहल्ल्याच्या पद्धतीत चपखल बसले. क्लबचा एकूण खर्च कोलकाता आणि बंगळूरच्या संघांच्या तुलनेत अगदीच नगण्य होता.

हंगाम अखेरच्या टप्प्यात आला, तेव्हा विजेतेपदाची लढत ऐझॉल आणि मोहन बागान यांच्यात उरली. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉल येथील सामन्यात झोमिंगलिआना राल्ते यांच्या एकमेव गोलने यजमानांनी बागानला हरवले. ३० एप्रिल रोजी शिलाँग लाजाँगविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात ऐझॉलला केवळ बरोबरी पुरेशी होती. यजमान शिलाँगने आघाडी घेतली. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेला यांनी बरोबरी साधली आणि सामना १-१ असा संपला. १८ सामन्यांतून ऐझॉलचे ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातील क्लबने देशाची सर्वोच्च साखळी जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्याच साखळीत, त्याच हंगामात, मुंबई एफसी तळाला राहिला आणि खालच्या श्रेणीत गेला. तो पुन्हा वर आला नाही. सात वर्षे घसरण रोखण्याच्या कामाचे मोल किती होते, हे मुंबईकरांना तेव्हा कळले.

कोलकात्याचा अनुभव

या यशानंतर ईस्ट बंगालने जमील यांना बोलावले. भारतातील क्लब फुटबॉलमध्ये कोलकात्याच्या दोन बड्या संघांचे प्रमुखपद हे सर्वांत प्रतिष्ठेचे आणि सर्वांत अस्थिर मानले जाते. तेथे बरोबरी हा पराभव मानला जातो आणि चाहत्यांचा संताप थेट सरावाच्या मैदानापर्यंत पोहोचतो. २०१७-१८ च्या हंगामात ईस्ट बंगाल साखळीत चौथ्या स्थानी राहिला आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात बंगळूरकडून पराभूत झाला. दुसऱ्या कोणत्याही क्लबसाठी ही कामगिरी समाधानकारक ठरली असती. ईस्ट बंगालसाठी ती अपुरी होती. जमील यांना पद सोडावे लागले. जानेवारी २०१९ मध्ये ते हंगामाच्या मध्यावर मोहन बागानचे प्रशिक्षक झाले. तोही मुक्काम अल्पकालीन ठरला.

ऐझॉलमध्ये अपेक्षा नव्हत्या आणि वेळ होता. कोलकात्यात अपेक्षांचा डोंगर होता आणि वेळ नव्हता. प्रशिक्षकाचे मूल्यमापन करताना त्याला कोणती परिस्थिती मिळाली, हे विसरून चालत नाही.

आयएसएल : सहायकाच्या बाकावरून

२०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने भारतीय फुटबॉलमध्ये पैसा, प्रक्षेपण आणि परदेशी प्रशिक्षक आणले. नियमानुसार प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकवर्गात भारतीय सहायक असे; प्रमुखपद मात्र परदेशी व्यक्तीकडे, हा जणू अलिखित संकेत होता. राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या जमील यांनाही या साखळीत प्रवेश मिळाला तो नॉर्थईस्ट युनायटेडमधील सहायकपदावरून.

जानेवारी २०२१ मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक जेरार्ड नुस यांना क्लबने दूर केले आणि हंगामाच्या उरलेल्या भागासाठी जमील यांच्याकडे हंगामी जबाबदारी दिली. कोविडमुळे त्या वर्षी सर्व सामने गोव्यात, प्रेक्षकांविना आणि विलगीकरणाच्या कडक नियमांत होत होते. जमील यांच्या हाताखाली नॉर्थईस्टने साखळीतील उर्वरित एकही सामना गमावला नाही आणि तिसरे स्थान मिळवले. आयएसएलच्या बाद फेरीत संघ नेणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले. उपांत्य फेरीत एटीके मोहन बागानने त्यांना दोन लढतींत मिळून ३-२ असे रोखले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये क्लबने त्यांना पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक केले. आयएसएलमध्ये असे पद मिळालेले ते पहिले भारतीय. परंतु तो हंगाम फसला. अकरा संघांत नॉर्थईस्ट दहावा आला आणि जमील पुन्हा बाहेर पडले. पहिलेपणाचे ओझे असे असते. परदेशी प्रशिक्षक अपयशी ठरला, तर क्लब दुसरा परदेशी शोधतो. पहिला भारतीय अपयशी ठरला, तेव्हा भारतीय प्रशिक्षकांच्या पात्रतेचीच चर्चा सुरू झाली.

त्यानंतर त्यांनी कमीपणा न मानता खालच्या श्रेणीतील एफसी बेंगळुरू युनायटेडचे काम स्वीकारले. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस जमशेदपूर एफसीने त्यांना पाचारण केले, तेव्हा तो संघ चाचपडत होता. २०२४-२५ च्या हंगामात जमशेदपूर ३८ गुणांसह पाचवा आला. बाद फेरीत त्यांनी जमील यांच्याच जुन्या नॉर्थईस्ट युनायटेडला २-० असे हरवले. उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत मोहन बागानवर २-१ अशी मात केली; परतीच्या लढतीत भरपाई वेळेतील गोलमुळे अंतिम फेरी हुकली. सुपर कपच्या अंतिम सामन्यात, ३ मे २०२५ रोजी, एफसी गोवाने त्यांना ३-० असे पराभूत केले. त्या दिवशी समोरच्या बाकावर होते मानोलो मार्केस. ते तेव्हा गोव्याचे आणि भारताचेही प्रशिक्षक होते. तीन महिन्यांच्या आत त्यांचे राष्ट्रीय पद जमील यांच्याकडे आले.

२०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षे महासंघाने जमील यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवले.

राष्ट्रीय संघ

ही नियुक्ती सुखाच्या काळातील नव्हती. २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारताने मार्केस यांच्या कार्यकाळात बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी केली होती आणि हाँगकाँगकडून ०-१ असा पराभव पत्करला होता. त्यातच व्यावसायिक हक्कांच्या कराराचा तिढा न सुटल्याने जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढील हंगाम स्थगित झाला. स्पर्धात्मक सामने न खेळलेल्या खेळाडूंमधून राष्ट्रीय संघ निवडायचा, अशी नव्या प्रशिक्षकाची स्थिती होती.

पहिली परीक्षा मध्य आशियाई संघटनेच्या नेशन्स कप स्पर्धेत झाली. २९ ऑगस्ट २०२५ रोजी हिसोर येथे भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे हरवले. अन्वर अली आणि संदेश झिंगन यांनी गोल केले. इराणने भारताला ३-० असे नमवले, अफगाणिस्तानाविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाली. तिसऱ्या स्थानाच्या लढतीत क्रमवारीत बऱ्याच वर असलेल्या ओमानला १-१ असे रोखून भारताने पेनल्टींवर सामना जिंकला. मस्कतमधील भारतीय चाहत्यांची त्या दिवशी चांगलीच पंचाईत झाली असणार.

ऑक्टोबरने मात्र वास्तवाची जाणीव करून दिली. सिंगापूरमध्ये दहा खेळाडूंनिशी खेळताना भारताने अखेरच्या क्षणी १-१ अशी बरोबरी साधली. पण १४ ऑक्टोबर रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर, छांगते यांच्या गोलने आघाडी घेऊनही, त्याच सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि पात्रतेची आशा संपली. १८ नोव्हेंबर रोजी ढाक्यात बांगलादेशाने १-० असा विजय मिळवला. त्या देशाकडून भारत बावीस वर्षांत प्रथमच हरला होता.

चार महिन्यांत कौतुक आणि टीका यांची दोन्ही टोके जमील यांनी अनुभवली. क्लबमध्ये प्रशिक्षकाला रोज सराव घेता येतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू वर्षातील मोजके आठवडे मिळतात. निवड अचूक असणे आणि सूचना थोडक्या असणे हे तेथील यशाचे गमक. क्लबच्या संथ आचेवर शिजलेली पद्धत या धावत्या स्वयंपाकात कशी वापरायची, हा जमील यांच्यापुढील खरा प्रश्न आहे.

गोमंतकीय वारसा आणि व्यापक चित्र

भारतीय प्रशिक्षकांची परंपरा क्षीण नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली, तर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. ते शिक्षक होते. अलीकडच्या काळात या परंपरेचा भार प्रामुख्याने गोव्याने वाहिला. आर्मांदो कुलासो यांनी धेंपोला २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. साळगावकरचे माजी खेळाडू सावियो मेदेरा यांच्या प्रशिक्षणाखाली भारताने डिसेंबर २०११ मध्ये अंतिम सामन्यात अफगाणिस्तानला ४-० असे हरवून दक्षिण आशियाई विजेतेपद जिंकले. डेरिक परेरा यांनी महिंद्रानंतर पुणे एफसी उभा केला. महाराष्ट्र आणि गोवा यांना जोडणारा हा प्रशिक्षकांचा धागा जमील यांच्या कारकीर्दीतही दिसतो.

या सर्वांच्या वाटचालीत एक गोष्ट समान आहे. त्यांना काम करण्यासाठी सलग काही वर्षे मिळाली तेव्हाच फळ दिसले. कुलासो धेंपोमध्ये दीर्घकाळ राहिले; जमील यांना मुंबईत सात वर्षे मिळाली आणि ऐझॉलचे यश त्या शिदोरीवर उभे राहिले. उलट, जेथे काही महिन्यांत हिशेब मागितला गेला, तेथे हेच प्रशिक्षक सामान्य ठरले.

परवाना घेतलेल्या भारतीय प्रशिक्षकांची संख्या आज पूर्वीपेक्षा मोठी आहे. कमतरता आहे ती त्यांना चुका करून शिकता येईल अशा जागांची. मुंबईत संस्थांचे संघ गेले, मुंबई एफसी गेला, पुणे एफसी गेला. नव्या पिढीतील एखाद्या बत्तीस वर्षांच्या जखमी मध्यरक्षकाला आज कोणता क्लब सात वर्षे देईल, या प्रश्नाचे उत्तर जमील यांच्या पुढील सामन्यांच्या निकालांपेक्षा भारतीय फुटबॉलसाठी अधिक महत्त्वाचे आहे.